मुलाच्या डोळ्यात जन्मजात ‘मॉर्निंग ग्लोरी’ डिस्क आहे (डोळ्याच्या मागे दृष्टीची नस सुरू होते ती चकती, म्हणजे डिस्क, फुलासारखी खोलगट आहे). फंडस फोटो (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो), ओसीटी (पडद्याच्या थरांचे छेद दाखवणारे स्कॅन) आणि एमआरआय या तिन्ही तपासण्या खरोखर आवश्यक आहेत का?

आपल्या सहा वर्षांच्या मुलाविषयी लिहिताना, ‘डॉक्टरांनी डोळ्यात पाहिले असताना पुन्हा फोटो कशाला’ हे घरातील ज्येष्ठांचे म्हणणेही आपण नोंदवले आहे. हेच वाक्य मी इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, सहा वर्षे ऐकले आहे. म्हणून हे उत्तर.

एमआरआयचे आधी सांगतो : तो टाळू नका. या विकृतीबरोबर कधीकधी कवटीच्या तळाच्या हाडात फट राहून मेंदूचा भाग तिच्यातून खाली उतरलेला असतो, तर काही मुलांत मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाणारा मोयामोया हा विकार आढळतो. डोळ्याचा फोटो कितीही सुंदर आला तरी यांतले काहीही त्यात दिसत नाही. रक्तवाहिन्यांचे चित्रणही त्याच वेळी होईल का, हे विचारून घ्या.

आता माझे. २००९ साली चष्म्याचा नंबर काढायला गेलो असता डाव्या डोळ्यातील डिस्कचा कप, म्हणजे मधला खळगा, मोठा असल्याचे आढळले. डोळ्यातला दाब १४, म्हणजे सामान्यच होता, परंतु दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत कमानीसारखा काळा पट्टा निघाला आणि दाब न वाढताही होणारा काचबिंदू असे निदान होऊन रोज रात्री एक थेंब सुरू झाला. त्या थेंबाने केवळ डाव्याच डोळ्याच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट झाले, ही भाच्यांची करमणूक. केसपेपरवर मात्र दर भेटीत डिस्कच्या मानाने कप केवढा याचा एकच आकडा : कधी ०.७, कधी ०.८, पाहणाऱ्याच्या नजरेप्रमाणे. कप किती मोठा हे त्यावरून कळते. तो कोणत्या बाजूला आणि कसा खोल गेला आहे, हे कळत नाही. फोटोचा विषय मी एकदा काढला तेव्हा औषधांचे दुकान चालवणारे माझे थोरले भाऊजी म्हणाले, “अहो, ज्याने पाहायचे त्याने पाहिले. फोटो काय भिंतीवर लावायचा आहे?” मी गप्प बसलो.

२०१५ मध्ये राजवाड्यासमोर उभा असताना वरच्या मजल्यांच्या खिडक्या वाकड्या दिसू लागल्या. काचबिंदूच वाढला असे समजून मी पुढच्या तारखेची वाट पाहत अडीच महिने घालवले. दुसऱ्या डॉक्टरांनी ओसीटी केले, तेव्हा मॅक्युलाखाली, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाखाली, पाणी साठलेले निघाले आणि पडद्याचे फाटलेले थर थेट डिस्कच्या कडेपर्यंत गेलेले दिसले. तेथे, कानाकडच्या खालच्या बाजूला, लहानसा करडा लंबगोल खड्डा होता : ऑप्टिक पिट. सुमारे ११ हजारांत एकाला असणारी, १८८२ पासून वैद्यकाला ठाऊक असलेली ही जन्मजात विकृती आहे आणि तिच्यातून पाणी झिरपण्याचे वय बहुधा तिशी-चाळिशीचे असते. मी अडतीस वर्षांचा होतो.

डॉक्टरांनी जुना फोटो मागितला. तो चक्क होता! २००९ मध्ये नवीन कॅमेऱ्यावर हात बसावा म्हणून तंत्रज्ञाने माझा फोटो काढून प्रिंट मला दिली होती आणि ती पासबुकांखाली लोखंडी कपाटात पडून होती. त्यातही तोच करडा ठिपका, त्याच जागी, तेवढाच होता. काचबिंदूचा कप सहा वर्षांत खात खात पुढे सरकला असता. हा जागचा हलला नव्हता. म्हणजे काचबिंदू नव्हताच. थेंब बंद झाले, व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढण्याची शस्त्रक्रिया) झाली आणि पाणी जिरायला वर्षाहून अधिक काळ लागला.

भाऊजी अजूनही म्हणतात की पिट आधी कळली असती तरी पाणी साठायचे ते साठलेच असते. ते खरे आहे. परंतु सहा वर्षांचे थेंब वाचले असते आणि खिडक्या वाकल्या त्याच दिवशी मी दवाखान्यात गेलो असतो, याचे उत्तर त्यांनी आजवर दिलेले नाही.

तेव्हा फंडस फोटो आजच काढून घ्या आणि छापील कागदावर समाधान न मानता मूळ फाइल मागा. पुढे कधी नजर घटली, तर तुलनेला तोच उपयोगी पडेल. या डिस्कच्या भोवती पडदा सुटण्याचा धोका पुष्कळ असतो. ओसीटीच्या अहवालात लाल रंग दिसला म्हणून मात्र घाबरू नका. तो रंग निरोगी डिस्कशी तुलना करून येतो, बहुतेक यंत्रांत ती तुलना १८ वर्षांवरील व्यक्तींशी असते आणि आपल्या मुलाची डिस्क त्या मोजपट्टीत मुळात बसतच नाही. त्या अहवालातील रंगांपेक्षा थरांचे आडवे छेद पाहायला सांगा.

माझा आजार पिटचा आहे, मुलाचा वेगळा आहे आणि मी डॉक्टर नाही, हे खरे तर आधी लिहायला हवे होते. एमआरआयसाठी भूल लागेल का आणि अधू डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी किती तास बांधायची, हे बालनेत्रतज्ज्ञांनाच विचारा.