ट्रॅकवर पेडल मऊ पडलं: पोर्शे बॉक्स्टरचं ब्रेक ऑइल घरी बदलता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2007 ची बॉक्स्टर (987 ही पिढी), मॅन्युअल गिअर, मुक्काम न्यू जर्सी. मिलव्हिलच्या शर्यतीच्या ट्रॅकवर दुसऱ्या फेरीत ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा कडक झालं. ऑइल घरी बदलता येईल का, आणि कोणतं घ्यावं?

येईल. दोन-तीन तास आणि एक लिटर ऑइल पुरतं.

थंड झाल्यावर पेडल परत आलं, हीच मोठी खूण आहे. तुमचं ऑइल उकळलं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉल आहे आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 (डॉट हे ब्रेक ऑइलचं अमेरिकी मानक) च्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की 155 अंशांपर्यंत घसरला तरी ते मानकात बसतं. ट्रॅकवर कॅलिपरला, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला, तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. म्हणूनच पोर्शे दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी दरवर्षी हंगामाआधी बदलावं असं माझं मत.

पेडल थंड असतानाही मऊ असतं, तर हवा किंवा गळती शोधावी लागली असती.

ऑइल डॉट 4 च घ्या. वर्षातून दोन-तीन ट्रॅक-डेसाठी आटे (ATE) कंपनीचं टाइप 200 पुरेसं आहे (उत्कलनबिंदू कोरडा, म्हणजे ताज्या ऑइलचा, 280 अंश, पाणी मुरल्यावर 198). मोतूल आरबीएफ 600 चा कोरडा आकडा 312 आहे. डॉट 5 मात्र अजिबात नको. ते सिलिकॉन आहे आणि ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 नावाने जवळचं वाटलं तरी ते ग्लायकॉलच. डबा सीलबंद हवा. मागच्या वर्षी उघडून ठेवलेला वापरू नका.

बाकी सामान: 11 मिमीचा सहा कोनी रिंग पाना, घट्ट बसणारी पारदर्शक नळी, बाटली, मोठी सिरिंज, टॉर्क रेंच, जॅक आणि जॅक स्टँड, हातमोजे, चष्मा. एकट्याने करणार असाल तर हाताने हवा भरायचा प्रेशर ब्लीडर (टाकीवर बसून नवीन ऑइल दाबाने ढकलणारी बाटली) घ्याच. मदतनिसाकडून पेडल मारून घेण्याची जुनी रीत चालते, पण जुन्या गाडीत त्यात एक धोका असतो. पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागाची) रबरी सील रोज जिथे पोचत नाहीत अशा खरखरीत भागावरून घासतात आणि फाटू शकतात. तीच रीत वापरायची असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. व्हॅक्यूमने ओढायच्या पंपात वेगळाच घोळ होतो: निपलच्या (कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या स्क्रूच्या) आट्यांतून बाहेरची हवा खेचली जाते, बुडबुडे थांबतच नाहीत आणि माणूस लिटरभर ऑइल वाया घालवतो.

ब्रेक ऑइलची टाकी पुढच्या डिकीत, काचेच्या बाजूला आहे. भोवती ओले फडके पसरा. हे ऑइल रंग खातं. थेंब पडला तर नुसता पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल काढा, नवीन भरा. या वेळात पेडलला पाय लावायचा नाही. प्रेशर ब्लीडरची टोपी बसवली की आधी त्याच्या बाटलीत ऑइल न घालता हवा भरून पाहा. दाब टिकला तरच ऑइल घाला. टोपी गळत असेल तर ते या पायरीवरच कळलेलं बरं. दाब 15 पीएसआय, म्हणजे साधारण 1 बार. त्याहून जास्त लागत नाही.

क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. एका वेळी एकच चाक काढलं तरी चालतं. बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालू नका. प्रत्येक कॅलिपरला दोन निपल असतात, आतल्या बाजूचं बरेच जण विसरतात. मी बाहेरचं आधी घेतो, मग आतलं. आधी पाना निपलवर चढवा, मग नळी. नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. निपल पाव ते अर्धा फेरा उघडा. नळीतून कोऱ्या चहासारखं तपकिरी ऑइल यायला लागेल, अधूनमधून मोहरीएवढा बुडबुडा. ते फिक्कट पिवळं आणि सलग झालं की बंद करा. मागच्या उजव्या चाकाला जास्त लागतं, बाकीच्या चाकांना प्रत्येकी 200 मिली धरा. टाकी आणि ब्लीडरची बाटली रिकामी होऊ देऊ नका. हवा आत शिरून एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये गेली तर ती काढायला डायग्नोस्टिक यंत्र लावावं लागतं. नुसतं ऑइल बदलताना त्याची गरज पडत नाही.

निपल आवळताना लांब पाना वापरू नका. कॅलिपर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले तर खर्च मोठा. मनगटाचा जोर पुरतो.

क्लचही याच टाकीवर चालतो. त्याचं निपल गिअरबॉक्सवर आहे आणि गाडी चारही बाजूंनी उचलल्याशिवाय तिथे नीट हात पोचत नाही. ते यंदा राहिलं तरी ब्रेकचं काम अडत नाही, पण पुढच्या खेपेला घ्या.

शेवटी आधी प्रेशर ब्लीडरचा दाब सोडा, मग टोपी काढा, पातळी मॅक्स खुणेवर आणा. इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकता कामा नये. प्रत्येक निपलवर कोरडा कागद दाबून बघा, रबरी टोप्या लावा. चाकाचे बोल्ट 130 न्यूटन-मीटर. पहिली फेरी गल्लीतच, हळू.

जुनं ऑइल इंजिन ऑइलच्या डब्यात ओतू नका. वेगळ्या बाटलीत, नाव लिहून, काउंटीच्या घातक कचरा संकलनाला द्या.