ओळखीच्या रुग्णाची पट्टी पुन्हा पुन्हा का वाचतात?

प्रश्न : माझे वडील चार दिवसांपासून नाशिकच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. आयसीयूतील सिस्टर त्यांना चांगल्या ओळखतात, तरी प्रत्येक औषधाआधी मनगटावरची पट्टी वाचतात. काल इन्शुलिन देण्याआधी तर त्यांनी दुसऱ्या सिस्टरलाही बोलावले. यात वेळ जात नाही का? आणि अलार्म वाजला की त्या यंत्राऐवजी आधी वडिलांकडे का पाहतात?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : वेळ जातो खरा, पण तो जाऊ द्यावा. घशातल्या नळीमुळे तुमच्या वडिलांना बोलता येत नाही, त्यामुळे चुकीचे औषध समोर आले तरी त्यांना हरकत घेता येणार नाही. चेहऱ्याच्या ओळखीवर पहाटे चार वाजता, लांबलेल्या ड्युटीच्या शेवटी, विसंबता येत नाही. खाटेच्या क्रमांकावरही नाही, कारण रात्रीतून रुग्णांच्या खाटा बदलतात. म्हणून नाव आणि आंतररुग्ण क्रमांक या दोन्ही गोष्टी पट्टीवर व औषधपत्रकावर जुळवून पाहायच्या असतात.

इन्शुलिनचे प्रकरण अधिक नाजूक आहे. आपल्याकडे त्याच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची, आणि दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली, तर दहाच्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून प्रत्यक्षात २५ युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या उतरते. गुंगीतल्या रुग्णाला घाम फुटला तरी त्याचे कारण चटकन लक्षात येत नाही. दुसऱ्या सिस्टरने पहिलीचा आकडा ऐकून मान डोलावणे ही तपासणी नव्हे. तिने कुपी, सिरिंज आणि लिहिलेली मात्रा स्वतः पाहायची असते. पोटॅशियमच्या बाबतीतही तेच, कारण ते पातळ न करता शिरेतून वेगाने गेले तर हृदय थांबू शकते.

अलार्म फक्त काहीतरी बिनसल्याचे कळवतो. व्हेंटिलेटरच्या हवेचा दाब वाढल्याचा अलार्म असेल, तर रुग्ण खोकत असेल, नळीत कफ अडकला असेल, दातांखाली नळी दबली असेल किंवा ती मुडपली असेल. दाब उतरला असेल, तर नळी कुठेतरी सुटलेली असू शकते. छाती हलते आहे का, ओठ निळसर दिसतात का, हे पडद्यावर नव्हे, रुग्णाकडे पाहूनच कळते.

बाहेरच्या मेडिकलमधून इन्शुलिन आणायला सांगितले, तर कुपीवरचा ४० किंवा १०० हा आकडा चिठ्ठीशी ताडून घ्या आणि कुपी सिस्टरच्या हातात द्या, उशाशी ठेवू नका.