डिजिटल एवढं चांगलं असताना ७० एमएम फिल्मवर सिनेमे का बनवतात?

कारण निगेटिव्ह मोठी असली की चित्र मोठ्या पडद्यावर नेताना कमी ताणावं लागतं, मुख्य फायदा हाच. ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) तेवढाच असतो पण ६५ एमएमची फ्रेम ३५ एमएमच्या साधारण तिप्पट, त्यामुळे तो बारीक दिसतो आणि त्वचा, धूर, लांबचे डोंगर यातल्या हलक्या छटा टिकतात. (शूट ६५ वर होतं, ७० ही प्रिंट, जास्तीची जागा साउंडट्रॅकसाठी होती.) आयमॅक्समध्ये तर फिल्म आडवी धावते, एका फ्रेमला १५ परफोरेशन (फिल्मच्या कडेची भोकं), म्हणजे क्षेत्रफळ अजून तिप्पटीच्या आसपास. पण मला शार्पनेसपेक्षा जास्त भारी वाटतं ते हे, की ३५ एमएमइतकंच दृश्य फ्रेममध्ये घ्यायला लांब फोकल लेंथची (जास्त झूमसारखी) लेन्स लागते, मग मागचं मऊ होतं आणि वाइड शॉटमध्येसुद्धा माणूस पार्श्वभूमीपासून सुटा उठून दिसतो. फक्त एक, हे सगळं ७० एमएमची प्रिंट चालवणाऱ्या थिएटरमध्येच पुरेपूर दिसतं, साध्या २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद) डिजिटल प्रोजेक्टरवर बरंच हरवतं. शिवाय जुने आयमॅक्स कॅमेरे एवढा आवाज करतात की संवादाचे सीन घेणं अवघड, आणि १००० फुटांचा रोल तीनेक मिनिटांत संपतो.