माझ्या लहान कुत्र्याला सतत खाज सुटते. ही अ‍ॅलर्जी असेल का? काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कुत्रा तीन वर्षांचा आहे, वजन पाच किलो, रात्रंदिवस पंजे चावत बसतो, पोट लाल झालंय आणि खाणं दोनदा बदलूनही फरक पडलेला नाही. वाचताना मला आमची चिंगी आठवली. तीही एवढीशीच, साडेचार किलोची. रात्री दोनला अंधारात तिच्या चाटण्याचा चपचप आवाज यायचा आणि माझी झोप उडायची. सकाळी बघावं तर पांढऱ्या पंजांवरचे केस विटकरी झालेले. मी रक्त समजून घाबरले होते, पण तो रंग लाळेतल्या रंगद्रव्याचा असतो. तुमच्या कुत्र्याचे केस फिकट असतील तर तसे डाग शोधा, आपल्या नकळत तो कुठे कुठे चाटतो ते कळेल.

मी डॉक्टर नाही. पण चिंगीच्या खाजेपायी चार वर्षं जे शिकले ते सांगते.

आधी माझी चूक, कारण तुम्हीही त्याच वाटेवर आहात असं वाटतंय. एकाच आठवड्यात मी तिचं खाणं बदललं, शांपू बदलला, पिसवांचं औषध लावलं आणि वर माशाचं तेल सुरू केलं. तीन आठवड्यांत खाज कमी झाली. कशाने, ते कळायला काही मार्गच नव्हता. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा मी होते तिथेच होते. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला आणि रोज रात्री वहीत एक आकडा लिहा. शून्य म्हणजे अजिबात खाज नाही, दहा म्हणजे खेळणं-खाणं सोडून नुसता खाजवतोय. बाजूला कुठे खाजवतोय तेही लिहा. या वहीने मला जितकी मदत केली तितकी कुठल्याच महागड्या तपासणीने केली नाही.

‘कुठे’ याला फार महत्त्व आहे. शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर जोर असेल तर पहिला संशय पिसवांवर. पंजे, काखा, जांघा, पोट, तोंड आणि कान असतील तर हवेतल्या किंवा खाण्यातल्या अ‍ॅलर्जीवर. कानाच्या कडा आणि कोपरं खपल्यांनी भरली असतील तर खरूज असू शकते, आणि ती माणसांनाही काही काळ त्रास देते. घरात कुणाला पुरळ उठला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

तुमचं वर्णन अ‍ॅलर्जीकडेच झुकतंय. तरी पिसवांपासूनच सुरुवात करा. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असं मीही छातीठोक सांगत होते. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावेही पुरतात, आणि तो इतका चाटतो-चावतो की पिसू अंगावर सापडतच नाही. दातेरी बारीक फणीने कमरेपासून शेपटीपर्यंत विंचरा आणि निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस रंग उतरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. आमच्या कागदावर दोनच ठिपके तसे उतरले आणि मी थंडच पडले. मोठ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा जेमतेम पाच टक्के भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोश गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात, आणि कोशातली पिसू कित्येक महिने तग धरते. म्हणून औषध एकदा लावून भागत नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना, निदान तीन महिने न चुकता द्यावं लागतं, सोबत अंथरुणं गरम पाण्यात धुवायची आणि घर व्हॅक्यूम करायचं. घरात मांजर असेल तर एक लक्षात ठेवा. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

अंगाला कुबट, आंबूस वास येतोय का? कातडी तेलकट, जाड किंवा काळसर होतेय का? तसं असेल तर वरून यीस्टचा किंवा जिवाणूंचा संसर्ग झालाय. मूळ कारण अ‍ॅलर्जीच असली तरी हा संसर्ग खाज दुप्पट करतो, आणि तो बरा केल्याशिवाय बाकीचे उपाय लागू पडत नाहीत. डॉक्टर चिकटपट्टीने त्वचेचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, काही मिनिटांचं काम असतं. चिंगीचं तेच निघालं. क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोलच्या औषधी शांपूने आठवड्यातून दोनदा आंघोळ सुरू झाली. तो शांपू अंगावर दहा मिनिटं राहू द्यावा लागतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लावला की लगेच धुवायचे मी! मग घड्याळ लावून, तिला मांडीवर धरून बसायला लागले. पाणी कोमट हवं, गरम पाण्याने खाज भडकते. आणि बोटांच्या बेचक्या शेवटी नीट कोरड्या करा, ओल राहिली तर यीस्ट तिथेच वाढतं.

आता खाणं. तुम्ही दोनदा बदललंत, पण एका ब्रँडवरून दुसऱ्यावर गेलात तर बहुतेक तीच प्रथिनं पुन्हा पोटात गेली. कुत्र्यांना खाण्याची अ‍ॅलर्जी असते ती बहुतेकदा गोमांस, दूध, चिकन किंवा गहू यांची, आणि हे पदार्थ कितीतरी पाकिटांत असतात. खरी चाचणी म्हणजे त्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा डॉक्टर देतात ते हायड्रोलाइज्ड खाणं (म्हणजे ज्यातल्या प्रथिनांचे शरीराला ओळखू येणार नाहीत इतके बारीक तुकडे केलेले असतात), सलग आठ आठवडे. त्या काळात दुसरं काहीही नाही. बिस्कीट नाही, ताटातला घास नाही, मांसाच्या चवीची जंतांची गोळीसुद्धा नाही. आमच्याकडे पाचव्या आठवड्यात पाहुण्यांनी प्रेमाने चीजचा तुकडा दिला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पाहुण्यांना आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझीच. आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तर जुनं खाणं मुद्दाम परत द्यायचं. दोनेक आठवड्यांत खाज उसळली तरच खाण्याची अ‍ॅलर्जी म्हणायची. रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या ‘फूड अ‍ॅलर्जी टेस्ट’वर पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

चिंगीला खाण्याची अ‍ॅलर्जी नव्हती. तिला अ‍ॅटोपी आहे, म्हणजे धुळीतले कीटक, परागकण, बुरशी अशा गोष्टींची जन्मजात प्रवृत्तीतून आलेली अ‍ॅलर्जी. ती बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, तुमचा कुत्रा त्यात बसतो. ती मुळातून जात नाही हे ऐकून मी रडले होते. पण ताब्यात नक्की राहते. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या (एक वर्षावरच्या कुत्र्यांसाठी) किंवा लोकिव्हेटमॅबचं साधारण महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, यांनी अनेक कुत्र्यांची खाज एक-दोन दिवसांत उतरते. स्टेरॉइड स्वस्त आणि जालीम, थोड्या दिवसांसाठी ठीक, पण तहान, भूक, लघवी वाढते आणि मनाने बंद करायचं नसतं. माशाच्या तेलाचा फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे पुसणं फुकटचं आहे, आजपासून करा.

एक कळकळीची विनंती. पाच किलोच्या जिवावर माणसांची औषधं अजमावू नका. सर्दीच्या ज्या गोळीत स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असतं ती त्याच्यासाठी विष आहे. टी ट्री ऑइल लावू नका. सोरायसिसचं कॅल्सिपोट्रिऑलचं मलम तर त्याच्या आसपासही नको, थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मोठ्या कुत्र्याच्या पिसवांच्या औषधातलं अर्धं काढून लावू नका. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या किंवा धाप लागली तर वही वगैरे सोडा, तडक दवाखाना गाठा.

एरवी या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना वही न्या, आणि तो चावत असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या, कारण डॉक्टरांच्या टेबलावर ही मंडळी भीतीने एकदाही खाजवत नाहीत. आणि आधीचे तीन-चार दिवस आंघोळ घालू नका, म्हणजे नमुना नीट मिळेल.