ओसाड जागा, कॅमेरा आणि कोड: सुरुवात कुठून करशील?

ओसाड जागांचे फोटो काढायचेत आणि ते नीट लावायला कोडही शिकायचंय, असं तू विचारलंस. उत्साह आवडला, पण पहिल्याच रविवारी बंद गिरणीच्या भिंतीवरून उडी मारायची नाही. परवानगी नसेल तर बाहेरूनच फोटो, आणि सोबत कोणीतरी हवंच. ग्वाल्हेरात आहेस, तर श्योपूरकडे जाणाऱ्या २ फुटी नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या उरल्यासुरल्या खुणा शोध. २०२० पासून ती गाडी बंद आहे.

अंधाऱ्या खोलीत उजळ खिडकी दिसली की नवखे खोलीचं एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) धरतात आणि खिडकी पांढरीफटक होते. तू खिडकीवरून एक्स्पोजर ठरव, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ. सावल्या नंतर उजळता येतात, जळालेला उजेड परत येत नाही.

कोडसाठी पायथन ही भाषा पुरे. पहिला प्रोग्राम एवढाच: एक्झिफमधली (कॅमेरा फोटोतच नोंदवतो त्या माहितीतली) तारीख वाचून फाइलच्या नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस लावणं. (फाइलची स्वतःची तारीख घेऊ नकोस, कॉपी करताना ती बदलू शकते. इथे बहुतेक जण फसतात.)

- कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लाव.
- प्रोग्राम कॉपीवर चालव, मूळ फाइलींवर कधीच नाही.
- फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातलं जीपीएस पूस; भंगारचोरांना पत्ता कशाला द्यायचा?

एचडीआर (वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडणं), डेटाबेस, नकाशे आत्ता विचारूच नकोस.