सासू-सासरे मस्कतला येताहेत?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच बोलवा. मे-जूनमध्ये आणलंत तर मॉलच बघत बसावे लागतील. सुलतान काबूस मशीद बिगरमुस्लिमांना सकाळी ८ ते ११ एवढीच खुली असते, शुक्रवारी बंद. बायकांना डोकं झाकावं लागतं, तेव्हा ओढणी आठवणीनं घ्या. शुक्रवार ठेवा निझवाच्या गुराबकऱ्यांच्या बाजारासाठी. मस्कतहून दीडेक तास लागतो आणि बाजार सकाळीच उरकतो, म्हणून अंधारातच निघा. सासरेबुवा शेतीवाले असतील तर तिथून हलायचे नाहीत! वहिबाच्या वाळवंटात एक रात्र मुक्काम करा, पण वाळूच्या टेकड्यांवर गाडी उडवायचा प्रकार पाठदुखीवाल्यांना नकोच. वादी शाब या डोंगरातल्या घळीत दगडधोंड्यांतून चालावं लागतं. तिकडे पोरांना न्या. थोरांना संध्याकाळी मस्कतमधल्याच मत्राहचा समुद्रकिनारा पुरे, समोरच जुना बाजार आहे.