एजंट म्हणतो ८२ लिहा, काटा म्हणतो ९६

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मिस्टर ४३ वर्षांचे, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ९६ किलो, बीपी-शुगर अजून तरी नॉर्मल. ऑफिसची मेडिक्लेम आहे पण नोकरीचं हल्ली काही खरं नाही, म्हणून स्वतःची १० लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच पॉलिसी, घ्यायची ठरवली. आधी प्रीमियम सांगितला २४,६००, मग मेडिकल झालं आणि मेल आला की ३०,७५० भरा, कारण काय तर वजन. आता सोसायटीतले एक एजंट म्हणतात दुसऱ्या कंपनीत मेडिकल लागत नाही, फॉर्मवर ८२ लिहा, कोण बघतंय. लिहू का?

उत्तर : नका लिहू ताई. ८२ हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही बरं का. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, मिस्टरांचा येतो ३४, आणि ८२ लिहिलं की तोच होतो २९. म्हणजे गणित त्यांना चांगलं येतं.

कंपनी जे जास्तीचे मागतेय त्याला लोडिंग म्हणतात, तुमच्याकडे ते २५ टक्के बसलंय. रिपोर्ट नॉर्मल असताना का, असं वाटणारच. पण कंपनी आजचा रिपोर्ट बघत नाही, पुढच्या दहा-पंधरा वर्षांतली शुगर, हार्ट, गुडघे, झोपेत श्वास अडकणं हे सगळं धरून चालते आणि त्यासाठी बीएमआय हे तिचं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. ढोबळ आहे हे मान्य. आपल्या ठाण्यातल्या एखाद्या गोविंदा पथकातला सगळ्यात खालच्या थराचा गडी काट्यावर उभा केला तर तोही लठ्ठच ठरेल, कारण बीएमआयला चरबी आणि मसल यातला फरक कळत नाही. पण फॉर्ममध्ये दंडाचा घेर लिहायला रकाना नसतो.

आता खोटं लिहिलं तर काय होतं ते बघा. समजा तीन वर्षांनी अँजिओप्लास्टी करायची वेळ आली. अ‍ॅडमिट करताना सिस्टर आधी काट्यावर उभं करते, कारण कितीतरी औषधांचे डोस वजनावर ठरतात, आणि तो आकडा केसपेपरवर चढतो. तिथे ९८ आणि फॉर्मवर ८२, आणि हे केसपेपर क्लेमसोबत कंपनीकडेच जातात. शिवाय प्रपोजल फॉर्मवर साधारण असा एक प्रश्न असतोच की याआधी कोणत्या कंपनीने तुम्हाला नकार दिलाय किंवा प्रीमियम वाढवून मागितलाय का. तो मेल तर तुमच्या इनबॉक्समध्ये पडलाय, म्हणजे एक खोटं झाकायला तिथे दुसरं. एजंट कदाचित असंही सांगतील की पाच वर्षं काढा, मग कंपनी काही करू शकत नाही. अर्धं खरं आहे. २०२४ पासून मोरॅटोरियम, म्हणजे ज्या मुदतीनंतर लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही तो काळ, ८ वर्षांवरून ५ वर्षांवर आलाय हे बरोबर, पण फसवणूक सिद्ध झाली तर तो लागू नाही, आणि ही पाच वर्षं आजारी न पडता जातील याची गॅरंटी एजंट देणार आहेत का? वाचतायत किती, तर वर्षाला ६,१५०, आणि पणाला १० लाख.

त्यापेक्षा त्या मेलला उत्तर पाठवून विचारा की लोडिंग पूर्ण फ्लोटरवर लावलंय की फक्त मिस्टरांच्या भागावर. पूर्ण पॉलिसीवर असेल तर मिस्टरांची वेगळी आणि तुमची-मुलांची वेगळी असं कोटेशन काढून बघा, कधीकधी ते स्वस्त पडतं. कंपन्यांचे नियम सारखे नसतात, एकीकडे बीएमआय ३४ ला लोडिंग तर दुसरीकडे काहीच नाही, त्यामुळे ९६ लिहूनच अजून दोन ठिकाणी विचारा. तुमच्या लेखी संमतीशिवाय लोडिंग लावता येत नाही आणि पॉलिसी हातात आल्यावरही ३० दिवसांत परत करता येते. वजन खरंच उतरलं तर रिन्यूअलला नवे रिपोर्ट जोडून लोडिंग कमी करा म्हणून अर्ज द्या. मान्य करणं कंपनीच्या हातात आहे, पण मागायला पैसे पडत नाहीत. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे कोटेशनमध्ये अजून १८ टक्के दिसत असतील तर ते जुनं आहे.

(काटा घरचा असेल तर एकदा तपासा. माझा बाथरूममधला काटा वर्षभर मला चार किलो कमी दाखवत होता आणि मी खुशीत मामलेदारची मिसळ खात होतो.)

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली तेव्हा ६८ किलो होते, आता ८४. रिन्यूअलला प्रीमियम वाढवतील का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : तेव्हा खरं लिहिलं होतं ना, मग निवांत राहा. नंतर वजन वाढलं किंवा क्लेम केला म्हणून तुमच्या एकट्याच्या प्रीमियमवर लोडिंग टाकत नाहीत. वयाचा टप्पा बदलला किंवा त्या प्लॅनचे दर सगळ्यांसाठीच वाढले तर मात्र वाढेल. फक्त कव्हर ५ चं १० लाख करायला गेलात किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलंत तर फॉर्म नव्याने, वजनही नव्याने.

प्रश्न : वजन कमी करायच्या ऑपरेशनचा क्लेम मिळतो का? – एक वाचक, कळवा

उत्तर : बारीक दिसायला म्हणून केलंत तर नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं हवं, वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारी टाइप २ शुगर, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा हार्टचा त्रास, आणि साधे उपाय करून झालेले. डाएटिशियनचे जुने कागद टाकून देऊ नका, तेच मागतात.